घाटाखालून वर चढलेला ताप

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला गाव विचारलं, तर तालुक्याच्याही आधी तो एक गोष्ट सांगतो: घाटावरचं की घाटाखालचं. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर घाटाखाली. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा घाटावर. मध्ये अजिंठ्याची डोंगररांग, राजूरचा घाट आणि बोथ्याचा घाट. रेल्वे आहे ती फक्त घाटाखाली. खामगाव–जालना मार्गाची मागणी इंग्रजांच्या काळापासूनची, पण त्या मार्गावर अजून एकही गाडी धावलेली नाही. जिल्ह्याचं मुख्य ठिकाण असलेल्या बुलढाण्याला आजही रेल्वेनं येणारा माणूस मलकापूरला किंवा शेगावला उतरतो आणि घाट चढून वर येतो.

इन्फ्लुएन्झाचा माग काढायला हा जिल्हा निवडला तो याच रचनेमुळे. हा आजार पाण्यातून येत नाही, डासांतून येत नाही, पिसवांतून येत नाही. एका माणसाच्या नाकाघशातून तो दुसऱ्याच्या नाकाघशात जातो, म्हणून त्याचा वेग त्या त्या काळातल्या प्रवासी वाहनाइतकाच असतो. बैलगाडीच्या काळात तो बैलगाडीनं आला, आगगाडीच्या काळात आगगाडीनं. दीडशे वर्षांत आपण प्रवास कसा केला, हे ज्यानं समजून घेतलं त्याला या तापाची वाट वेगळी शोधावी लागत नाही.

मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळ, मलकापूर, शेगाव, अकोला करत १८६७ साली नागपूरला पोचली. जलंबहून खामगावला जाणारा छोटा फाटा १८७० साली सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः खामगावात आले होते. एवढ्या छोट्या फाट्याचं एवढं कौतुक कशासाठी? कापसासाठी. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिकडचा कापूस अडला, तेव्हा मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली होती, आणि खामगावचा बाजार तेव्हा देशातल्या मोठ्या कापूस बाजारांत गणला जात होता. रूळ टाकले गेले ते कापसाच्या गाठी मुंबईच्या गोदीपर्यंत नेण्यासाठी. पण गाडी परत रिकामी येत नव्हती. तिच्यातून माणसं येत होती, टपाल येत होतं, आणि गोदीवर जे जे उतरेल ते सगळं दोन दिवसांच्या आत वऱ्हाडात पोचू शकत होतं.

सरकारला हे पहिल्यांदा जाणवलं ते प्लेगच्या वेळी. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी साथरोग कायदा झाला. स्टेशनांवर प्रवाशांना रांगेत उभं करून तपासायला सुरुवात झाली. काखेत गाठ आहे का, जांघेत गाठ आहे का, अंगात ताप आहे का. बायकांची तपासणी पुरुषांच्या हातून झाली तेव्हा लोक किती पेटले, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. प्लेग मुख्यतः उंदराच्या पिसवांमुळे पसरतो, त्यामुळे या तपासणीचा उपयोग मर्यादितच होता. पण तिच्यातून एक सरकारी सवय पडली: साथ आली की प्रवाशाला अडवायचं, त्याला तपासायचं, त्याच्यावर शिक्का मारायचा. हाच १८९७ चा कायदा २००९ मध्ये पुण्यात वापरला गेला आणि २०२० मध्ये सगळ्या देशात. साथीच्या काळात प्रवाशाकडे आरोपी म्हणून बघण्याची रीत तिथून आली आहे.  पण इन्फ्लुएन्झाच्या बाबतीत ती सपशेल निरुपयोगी ठरते. या तापाची लागण झालेला माणूस स्वतः आजारी दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून दुसऱ्याला आजार देऊ शकतो. थर्मामीटर त्याला पकडूच शकत नाही.

या छुप्या लागणीची सर्वांत मोठी किंमत वऱ्हाडानं १९१८ साली मोजली.

मे महिन्याच्या अखेरीस सैनिकांना घेऊन एक जहाज मुंबईच्या बंदरात आलं. १० जूनला मुंबईच्या पोलिसांच्या रुग्णालयात सात शिपाई तापानं दाखल झाले. त्यांतला एक गोदीवर पहाऱ्याला होता. मुंबईचे आरोग्य अधिकारी डॉ. टर्नर यांनी या नोंदी बारकाईनं ठेवल्या, म्हणून आज आपल्याला त्या साथीची सुरुवात तारखेनिशी सांगता येते. पहिली लाट तशी सौम्य होती. जुलैत ती ओसरली आणि लोकांना वाटलं, संपलं. सप्टेंबरात दुसरी लाट उठली. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबई शहरात या तापानं ७६८ माणसं दगावली.

त्याच महिन्यात ताप रुळांच्या वाटेनं आत शिरला. भारत सरकारचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी १९१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात रेल्वे आणि टपालसेवा या दोन्हींनी साथ पसरवण्यात घेतलेला वाटा त्यांनी नोंदवला आहे. टपालाचा डबा हे त्या काळातलं किती नेमकं वाहन होतं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मेलगाडीच्या टपालडब्यात माणसं रात्रभर दिव्याच्या उजेडात, दाटीवाटीनं उभी राहून पत्रं निवडायची. दारं-खिडक्या बहुतेक बंदच, कारण वाऱ्यानं कागद उडायचे. अशा डब्यातला एक जण खोकत असेल, तर उजाडेपर्यंत बाकीच्यांची सुटका नसे. स्टेशनावर थैल्या उतरवून घेणारा वेगळा, पुढे त्या सडकेनं नेणारा वेगळा, गावच्या टपाल कचेरीत त्या उघडणारा वेगळा. मुंबई ते मलकापूर रेल्वे आणि मलकापूर ते बुलढाणा घाटाचा रस्ता, ही साखळी कधी तुटत नव्हती. ज्या गावाला रूळ माहीत नव्हते, त्या गावालाही पत्र मात्र येत होतं.

आणि वेळ कोणती? त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. १९१८ चा मान्सून देशाच्या नोंदीतल्या अतिशय वाईट मान्सूनांपैकी एक. ज्वारी महागलेली, वैरण नाही, महायुद्धामुळे कापड आणि रॉकेलसुद्धा परवडत नव्हतं. अशा वर्षी ऑक्टोबरच्या मध्यावर दसरा आला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला दिवाळी. वऱ्हाडात हे दिवस कपाशीच्या पहिल्या वेचणीचे. बायका रांगा धरून शेतात उतरतात, गाड्या भरून बाजाराला निघतात, जिनिंगवर मजूर गोळा होतात, सणाला लेकी माहेरी येतात. वर्षातल्या ज्या दिवसांत माणूस सर्वांत जास्त हलतो, नेमक्या त्याच दिवसांत हा ताप, लोकांच्या भाषेत मानमोडी, वऱ्हाडात होता.

मध्यप्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्युदराच्या प्रांतांपैकी एक ठरला. दर हजार माणसांमागे पन्नासाहून अधिक माणसं काही आठवड्यांत गेली. म्हणजे दोन हजार वस्तीच्या गावात शंभराहून जास्त. एरवीचा साधा फ्लू म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं नेतो. याचं तसं नव्हतं. वीस ते चाळीस वयाची कर्ती माणसं जास्त गेली, आणि त्यांतही बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच, आणि स्वतः आजारी पडली तरी चुलीशी उभी राहणारीही तीच. उपाशी अंगावर न्यूमोनिया उतरला की तीन-चार दिवसांत खेळ आटोपायचा. प्रतिजैविकं अजून जन्माला यायची होती. ताप म्हटलं की क्विनाइन द्यायचं एवढंच दवाखान्याला ठाऊक होतं, आणि क्विनाइनचा यावर काहीही परिणाम नव्हता. मृत्यूच्या नोंदी ठेवणारी गावकामगार मंडळीच अंथरुणाला खिळली, त्यामुळे आकडा खरा लागलाच नाही. साऱ्या हिंदुस्थानात सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत माणसं गेली, असे वेगवेगळे अंदाज अभ्यासकांनी केले आहेत. आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या १९११ मध्ये २५ कोटी २१ लाख होती, ती १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख भरली. १९०१ पासून आजवरच्या जनगणनांत लोकसंख्या घटलेलं हे एकमेव दशक.

एवढं मोठं संकट, आणि त्याची खूण किती ठेवली आपण? प्लेगचं स्मरण आहे, छप्पनच्या दुष्काळाचं आहे. मानमोडीचं मात्र जुन्या घरांतल्या बोलण्यात एखादं वाक्य उरलं होतं, पणजी त्या साथीत गेली, एवढंच. आता ते वाक्य सांगणारी पिढीही गेली. माझ्या मते या विस्मरणाला कारण आहे. प्लेगमध्ये सरकारशी झगडा होता, म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. मानमोडीत झगडायला समोर कुणी नव्हतं. सरकारनं काही केलं नाही, लोकांना काही करता आलं नाही, आणि जे काहीच घडलं नाही त्याची बखर कोण लिहिणार?

त्या वेळी तर आजार कशानं होतो हेही ठाऊक नव्हतं. १८९२ साली फायफर या जर्मन शास्त्रज्ञानं एक जिवाणू दाखवून हाच तो, असं सांगितलं होतं आणि १९१८ मध्ये बहुतेक डॉक्टर तेच धरून चालले होते. खरा विषाणू माणसातून वेगळा करण्यात लंडनच्या स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांना १९३३ मध्ये यश आलं. लस त्यानंतर दहाएक वर्षांनी.

पुढची मोठी साथ आली तीही बोटीनंच. मे १९५७ मध्ये ‘राजुला’ नावाची प्रवासी बोट सिंगापूरहून मद्रासला लागली. तिच्यावर शेकडो प्रवासी तापानं फणफणले होते. बंदरावर त्यांना अडवण्याचा प्रयत्न झाला, पण काही आठवड्यांत आशियाई फ्लू देशभर गेला. सरकारी नोंदीत सुमारे ४४ लाख रुग्ण आले आणि मृत्यू हजाराच्या थोडे वर. बुलढाणा जिल्हा तेव्हा नुकताच द्विभाषिक मुंबई राज्यात आला होता. १९१८ शी तुलना केली तर ही साथ सौम्यच, कारण विषाणू तेवढा मारक नव्हता आणि न्यूमोनियाला आता पेनिसिलिन होतं. १९६८ ची हाँगकाँग फ्लूची साथही अशीच येऊन गेली. या दोन साथींनी आपला एक तोटा केला: फ्लू म्हणजे चार दिवसांचा ताप, ही समजूत पक्की झाली.

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला कोंबड्यांत एच५एन१ सापडला, देशात पहिल्यांदाच. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात, म्हणजे मलकापूरच्या शेजारच्या जिल्ह्यात आला. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. माणसाला त्याची लागण झाली नाही, पण पक्ष्यांचा फ्लू आपल्या वेशीपर्यंत येऊ शकतो हे कळलं.

मग २००९. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेनं स्वाइन फ्लूची महासाथ जाहीर केली. भारतातला पहिला रुग्ण त्याआधी मे महिन्यात हैदराबादला सापडला होता, अमेरिकेहून विमानानं आलेला प्रवासी. विमानतळांवर तापमापक यंत्रं लागली आणि १८९७ ची ती जुनी सवय नव्या यंत्रासकट परत आली. ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. देशातला तो पहिला बळी. त्यानंतरच्या दिवसांत पुण्याच्या नायडू रुग्णालयासमोर लागलेल्या रांगा टीव्हीवर साऱ्या महाराष्ट्रानं पाहिल्या. बुलढाणा जिल्ह्यातली हजारो मुलं पुण्यात शिकायला आणि नोकरीला होती. शाळा-कॉलेजं बंद झाली तशी ती मिळेल त्या गाडीनं घराकडे निघाली. आई-बापांनीच बोलावून घेतलं आणि तेही साहजिक होतं. पण पुणे बंद करणं आणि पुण्याचा ताप जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवणं, ही दोन्ही कामं एकाच निर्णयानं झाली. स्वाइन फ्लूचा हा विषाणू, एच१एन१, नंतर कायमचाच राहिला. २०१५ मध्ये त्यानं एकट्या महाराष्ट्रात नऊशेच्या आसपास बळी घेतले. देशभरातून तो गेला, गेला म्हणत असताना हे घडत होतं.

आता एक गोष्ट कॅलेंडर समोर ठेवून पाहू. महाराष्ट्रात फ्लूचा जोर वर्षातून दोनदा असतो. एकदा पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर. दुसऱ्यांदा थंडीत, जानेवारी ते मार्च. आता आपल्या जिल्ह्याच्या यात्रा बघा. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव. माघात शेगावला गजानन महाराजांचा प्रकटदिन. होळीपासून सैलानी बाबांची यात्रा. आषाढी वारीसाठी शेगावहून निघालेली पालखी परतते तो पावसाळा. ऋषिपंचमीला, ऑगस्ट-सप्टेंबरात, गजानन महाराजांची पुण्यतिथी. आमच्या मोठ्या गर्दीची जवळजवळ प्रत्येक तिथी फ्लूच्या हंगामात पडते. याला कुणाचा दोष नाही. शेतीच्या कामातून सवड मिळते तेव्हा माणूस यात्रेला निघतो आणि हवा दमट किंवा थंड असते तेव्हा विषाणू जोर धरतो, इतकंच.

शेगावच्या पालखीचंच घ्या. सुमारे सातशे वारकरी, पांढरा पोशाख, हातात पताका, दोन ओळी, अकोला, परळी, अंबाजोगाई, सोलापूर, मंगळवेढा करत महिनाभराची पायी वाट. इतकी शिस्त फार थोड्या दिंड्यांत दिसते. परतीच्या वाटेवर सिंदखेडराजा, लोणार, मेहकर, खामगाव. खामगावहून शेगावपर्यंत शेवटच्या दिवशी चालायला लोक लांबून लांबून येतात. दिवसा रस्त्यावर मोकळी हवा असते, त्यात फारसा धोका नाही. धोका रात्री असतो. मुक्कामाला एखादी शाळा किंवा मंगल कार्यालय, बाहेर पाऊस, ओले कपडे दोरीवर, खिडक्या लावून घेतलेल्या, आणि एका सतरंजीवर अंगाला अंग लागून झोपलेली दमलेली माणसं. त्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ, मधुमेहाची गोळी पिशवीत घेऊन निघालेले पुष्कळ. फ्लूचा खरा फटका यांनाच बसतो. धडधाकट माणूस आठवड्यात उठतो. मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेला माणूस, गरोदर बाई, तान्हं मूल आणि वयस्कर माणूस यांच्या छातीत तो उतरू शकतो.

धोक्याची दुसरी जागा म्हणजे रात्रीची ट्रॅव्हल्स. पुण्याहून चिखली-बुलढाणा-शेगावकडे येणाऱ्या स्लीपर गाड्यांत पडदे ओढलेले, काचा बंद, एसी चालू, आठ-दहा तासांचा प्रवास. अशा बंद हवेत काय होतं ते पाहा: १९७७ साली अलास्कात एका विमानाचं इंजिन बिघडलं आणि ते तीन तास जमिनीवर उभं राहिलं. हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि आत एक प्रवासी फ्लूनं आजारी होता. चोपन्न जणांपैकी ३८ जण तीन दिवसांत आजारी पडले. जे जास्त वेळ आत बसून राहिले, ते जास्त प्रमाणात पडले. आपल्या एसटीच्या लालपरीच्या खडखडणाऱ्या उघड्या खिडक्या या बाबतीत स्लीपरपेक्षा कितीतरी बऱ्या.

मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सैलानीची यात्रा रद्द झाली, शेगावचं मंदिर बंद झालं, त्या वर्षी पायी वारीही गेली नाही. आजार वेगळा होता, नवा होता आणि लस नव्हती, म्हणून ते करावं लागलं. फ्लूचं तसं नाही. फ्लूची लस आहे. ती दरवर्षी बदलत्या विषाणूप्रमाणे नव्यानं बनते, म्हणून दरवर्षी घ्यावी लागते. घेतल्यावर साधारण दोन आठवड्यांनी संरक्षण मिळतं. तिनं ताप येणारच नाही असं नाही, पण न्यूमोनियापर्यंत जाण्याची शक्यता कमी होते. महाराष्ट्र सरकारनं २०१५ पासून गरोदर महिला, मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि आरोग्य कर्मचारी यांच्यासाठी ही लस मोफत ठेवली आहे. हे जिल्ह्यात किती घरांना ठाऊक आहे, याचा विचार आरोग्य खात्यानं करावा.

आणि प्रवाशाला लस द्यायची पद्धत आपल्याकडे नवी आहे का? मुळीच नाही. पंढरीच्या वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घ्यावी लागायची, ते जुन्या माणसांना आठवत असेल. आज मलकापूर, खामगाव, बुलढाण्याहून हजला जाणाऱ्या भाविकांना निघण्याआधी लसीकरण शिबिरात बोलावतात. मेंदूज्वराची लस सगळ्यांना देतात आणि वयस्कर व जोखमीच्या यात्रेकरूंना फ्लूचीही. याच जिल्ह्यात, याच आरोग्य यंत्रणेकडून हे दरवर्षी होतं. मक्केला जाणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या फुप्फुसांची जी काळजी आपण घेतो, तीच पंढरपूरला पायी निघालेल्या सत्तर वर्षांच्या माणसाची घ्यायला हवी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत, पालखी निघण्याच्या महिनाभर आधी, जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं दिंड्यांच्या प्रमुखांना बोलावून शिबिरं लावावीत. रक्तदाब आणि साखर तपासावी, आणि साठीच्या पुढच्यांना फ्लूची लस द्यावी.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करा. ताप आणि खोकला असेल तर प्रवास दोन-चार दिवस पुढे ढकला, मग ते लग्न असो की दर्शन. निघणं भागच असेल तर नाकतोंड बांधा आणि खिडकीजवळ बसा. प्रवासातून आल्यावर ताप चढला, आणि घरात मधुमेही, दमेकरी, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल, तर वाट न बघता डॉक्टरकडे जा आणि कुठून आलात ते आधी सांगा. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं. दम लागणं, छातीत दुखणं, ओठ निळे पडणं, लहान मुलानं खाणं-पिणं सोडणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र उलटण्याची वाट पाहू नका, तसेच दवाखान्यात न्या. आणि येत्या आषाढीला घरातलं कुणी पंढरीला निघणार असेल, तर त्यांची लस मे महिन्यातच घेऊन ठेवा.